कोरड्या नदीचा नमुना

पाणी तपासणाऱ्या त्या कचेरीत तिला सगळे नमुनाताई म्हणत. एक तर तिचं कामच नमुने गोळा करण्याचं. दर महिन्याला एकोणतीस ठिकाणी जायचं, नदीत उतरायचं, बाटली भरायची, झाकण घट्ट लावायचं, चिठ्ठी चिकटवायची आणि दिवस मावळायच्या आत बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायची. दुसरं असं, की बाई स्वतःही एक नमुनाच होती. मांडीपर्यंत येणारे रबरी बूट घालून ती खुशाल बँकेत जाई. तिच्या कोटाच्या खिशातून कधी शिंपला निघे, कधी वाळकं बी. बेडकांशी बोलताना तिला निदान तीन खात्यांच्या लोकांनी पाहिलं होतं. हे नाव पडलं तेव्हा ती चिडली नाही. "बरोबरच आहे," म्हणाली, "आपण एकच नग आहोत."

सव्वीस वर्षं ती हेच करत होती. सोबत जीप आणि जीपचा ड्रायव्हर. त्याला ती दादा म्हणे, तो तिला ताई.

एकोणतीस ठिकाणांतलं नऊ नंबरचं ठिकाण शहराच्या कडेला होतं. डोंगरातून आलेली एक लहानशी नदी तिथं दगडी पुलाखालून जायची. एका काठाला गोदामांच्या मागच्या भिंती, दुसऱ्या काठाला घरांची परसदारं, वाळत घातलेले कपडे आणि एक जुनं चिंचोळं मैदान. ही नदी वर्षातले आठ महिने वाहायची आणि चार महिने ठणठणीत कोरडी पडायची. त्या चार महिन्यांत नमुनाताई नऊ नंबरच्या कागदावर तीनच शब्द लिहायची : "कोरडी. नमुना नाही." खाली सही, तारीख, वेळ. झालं काम.

पण काम झालं म्हणून तिथून लगेच निघायची घाई कोणाला? काठावर पुलाशेजारी सावली होती. दादा जीप उभी करायचा, दोघं डबे सोडायचे. जेवण झालं की दादा सीट मागे टाकून ताणून द्यायचा आणि नमुनाताई कोरड्या पात्रातून चालायला लागायची.

पहिल्या वर्षी ती नुसती पाय मोकळे करायला गेली होती. मग काठाच्या वाळूच्या भिंतीत तिला बारीक भोकं दिसली, पेन्सिल जाईल एवढी. शेकड्यांनी. जवळ जाऊन बसली तर एकेका भोकात एकेक माशी शिरत होती, पायांना पिवळे परागकण थापलेले. ती एकट्यानं राहणाऱ्या मधमाश्यांची वस्ती होती आणि नदी भरल्यावर ती भिंत पाण्याखाली जायची. म्हणजे या माश्यांना घर बांधायला, पिल्लं वाढवायला नदीनं दिलेले तेवढेच चार महिने.

दुसऱ्या वर्षी एक टिटवी तिच्या डोक्यावर कर्कश ओरडत घिरट्या घालू लागली. नमुनाताई जागच्या जागी थिजली. पायाशी बघते तर गोट्यांमध्ये गोट्यांसारखीच दिसणारी चार अंडी. पाऊल वीतभर पुढं पडतं तर कल्याण झालं असतं. ती उलट्या पावलांनी, आपल्याच ठशांवर पाय ठेवत मागं आली आणि झोपलेल्या दादाला हलवून म्हणाली, "जीप अजिबात खाली आणायची नाही. बाळंतिणीची खोली आहे."

असं करत करत तिला ते पात्र पाठ झालं. ससे कुठून जातात, कोल्हा कुठं वास घेत थांबतो, पानांचे ढीग कोणत्या वळणावर साचतात. सगळ्यात शेवटी आटणाऱ्या डबक्यात बेडूक अंडी घालत. तिथं मासे पोचू शकत नाहीत, म्हणून पिल्लं जगत. एकदा तिनं सहज हातभर वाळू उकरली तर आत एक बेडूक डोळे मिटून बसलेला. "माफ करा हं," असं म्हणून तिनं त्याला परत पुरून टाकलं.

यातलं काही कागदावर आलं नाही. कागदावर त्यासाठी जागाच नव्हती.

घरी नवरा विचारायचा, "पाणी नसताना तू नदीवर करतेस तरी काय?" तो बसदुरुस्तीच्या कारखान्यातून निवृत्त झालेला. आता गल्लीतल्या सगळ्यांचे पंखे आणि मिक्सर त्याच्या टेबलावर उघडे पडलेले असायचे.

"बघते," ती म्हणायची.

"बघायचा पगार मिळतो?"

"जेवणाच्या सुट्टीत बघते. तुमच्यासारखी घोरत नाही."

एका सकाळी प्रयोगशाळेच्या साहेबांनी तिला आत बोलावलं. साहेब वाईट माणूस नव्हते. टेबलावरचा कागद तिरका झाला तरी त्यांचा जीव कासावीस व्हायचा, एवढाच काय तो दोष. ते म्हणाले, "बाई, आनंदाची बातमी. तुमचं काम हलकं झालं. पुढच्या वर्षापासून नऊ नंबर बंद."

"बंद म्हणजे?"

"परिपत्रक आलंय. जी नदी दहा वर्षं सलग, दरवर्षी तीन महिन्यांपेक्षा जास्त कोरडी राहिली, तिचं नाव नद्यांच्या यादीतून काढायचं. मोकळी जागा म्हणून नोंद व्हायची. बांधकाम खात्याचा आराखडाही तयार आहे. मधोमध पाण्यासाठी सिमेंटची पन्हळ, बाकी सगळं पात्र सिमेंटनं सपाट. गोदामांचे ट्रक उभे करायला." त्यांनी जाडजूड फाईल तिच्यापुढं सरकवली. "आणि पुरावा एकदम भक्कम. आपल्याच कचेरीचा."

तिनं फाईल उघडली. आत चाळीस कागदांच्या प्रती होत्या. दहा वर्षं, दरवर्षी चार. प्रत्येकावर तिचं अक्षर, तिची सही. कोरडी. नमुना नाही. कोरडी. नमुना नाही.

एखाद्या माणसाच्या विरुद्ध साक्ष द्यावी आणि आपण साक्ष दिली हे आपल्यालाच ठाऊक नसावं, तसं झालं होतं. घरी आली आणि जेवायला बसली तर तिनं ताट बाजूला सरकवलं. नवऱ्यानं हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"खोटं लिहिलंस का काही?"

"नाही हो. पाणी नव्हतंच."

"मग एवढं काय लावून घेतेस?"

"अर्धंच लिहिलं ना मी! सव्वीस वर्षं अर्धंच लिहिलं. बाकीचं सगळं नुसतं बघत बसले."

त्यानं ताट परत तिच्यापुढं ओढलं. मग म्हणाला, "लोकांच्या हरकती ऐकायला सुनावणी ठेवली असेल ना? कधी आहे?"

"सात आठवड्यांनी."

"सात आठवड्यांत मी पुरी बस उघडून परत जोडायचो. जेव आधी."

पुढच्या फेरीला नदी कोरडीच होती. नमुनाताई पात्रात उतरली, मोठे दगड बाजूला केले, त्यांच्याखालची हातभर खोलीवरची वाळू आणि गाळ तीन बाटल्यांत भरला आणि चिठ्ठ्या चिकटवल्या. दादा वरून बघत होता. "ताई, कागदावर काय लिहिणार?"

"कोरडी," ती म्हणाली आणि पुढं ठळक अक्षरात लिहिलं, "नमुना घेतला."

प्रयोगशाळेत एक तरुण रसायनतज्ज्ञ होती, नोकरीला वर्षही झालं नव्हतं. तिला सगळे मॅडम म्हणत. मॅडम हुशार आणि कामाला वाघ. नमुनाताई दुसऱ्या दिवशी सकाळी आली तेव्हा मॅडम हसतमुखानं पुढं आल्या. "मावशी, तुमच्या मातीचं काम मी कालच उरकलं. नियमाप्रमाणं भट्टीत ठेवली, एकशे पाच अंशांवर. तिन्ही बाटल्यांतली. एकदम कोरडी ठक्क झाली."

नमुनाताई जवळच्या स्टुलावर मटकन बसली.

"काय झालं? चुकलं का काही?"

"चुकलं नाही, बाळा. भाजलं." आणि मग तिनं सगळं सांगितलं. माश्यांच्या भोकांपासून पुरलेल्या बेडकापर्यंत. त्या मातीत काहीतरी झोपलेलं असतं, असा तिचा संशय होता. कारण पाणी आल्यावर आठवड्याभरात ते पात्र किड्यांनी आणि गोगलगाईंनी गजबजतं, आणि पाणी येईपर्यंत वरचं डोंगरातलं पात्रही सुकंच असतं. मग हे सगळं येतं कुठून? खालूनच येत असणार.

मॅडमचा चेहरा लाल झाला. त्यांनी भट्टीचं दार उघडलं, बंद केलं, परत उघडलं. मग म्हणाल्या, "उद्या मी येते तुमच्याबरोबर. जीपमध्ये जागा आहे ना?"

या खेपेला त्यांनी दोन घमेली भरून गाळ आणला. बाटल्या धुवायच्या खोलीत, खिडकीखाली, जुन्या कपडे धुण्याच्या दोन टबांपैकी एकात तो पसरला. दुसऱ्यात मॅडमनी गोदामाजवळच्या ढिगातली बांधकामाची वाळू टाकली, तुलनेसाठी. नळाच्या पाण्यातलं औषध उडून जावं म्हणून पाणी एक दिवस उघडं ठेवलं आणि मग दोन्ही टबांत अलगद ओतलं.

पहिल्या दिवशी नुसते बुडबुडे आले. दुसऱ्या दिवशी असा वास सुटला की साहेब नाकाला रुमाल लावून दारात उभे राहिले. "काय मेलंय इथं?"

"मेलं नाही साहेब," नमुनाताई म्हणाली. "उठायच्या बेतात आहे."

साहेबांनी मान हलवली आणि गेले. तिसऱ्या दिवशीही काही नाही. आपण सव्वीस वर्षं स्वतःच्या मनाचे खेळ खेळलो की काय, असं नमुनाताईला वाटू लागलं. चौथ्या दिवशी सकाळी कोट न काढताच ती टबापाशी गेली. एका दगडाला चिकटलेल्या गोगलगाईनं आपलं दार उघडलं होतं आणि दोन इवली शिंगं बाहेर काढून ती चालायला लागली होती. तिच्या बाजूला पाण्यात पांढरे ठिपके हलत होते. नीट बघितलं तर ठिपक्यांना पाय होते, पिसांसारखे, आणि ते सगळे चक्क पाठीवर उताणे पोहत होते.

"मॅडम!" नमुनाताईनं अशी हाक मारली की बाहेर बागेतल्या माळ्यानंही नळी टाकून धाव घेतली.

मॅडमनी एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, डोळा लावला आणि किंचाळल्या. मग हसायला लागल्या. मग हसता हसता वहीत लिहायला लागल्या. पुढच्या दोन आठवड्यांत त्या एका टबातून तेवीस प्रकारचे जीव निघाले. अंड्यातून आलेले, कोशातून आलेले, चिखलात गुंडाळून बसलेले. बांधकामाच्या वाळूच्या टबात काय निघालं? डासाची एक अळी. तीही खिडकीतून आलेल्या डासाची कृपा.

साहेब एका दुपारी एकटेच आले. टबासमोर खुर्ची ओढून बसले आणि बराच वेळ हलले नाहीत. नमुनाताई दाराआडून बघत होती. आता टब बाहेर फेकायला सांगतात की काय, अशी तिला धास्ती वाटत होती. शेवटी साहेब उठले, कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "बाई, हा नमुना नोंदणी क्रमांकाशिवाय कसा काय चालू आहे? हे चालणार नाही. ताबडतोब क्रमांक द्या. शिक्का मारा. माझी सही घ्या."

तिचा जीव भांड्यात पडला. आता तो टब तिचा हट्ट राहिला नव्हता, कचेरीचा अधिकृत नमुना झाला होता.

सुनावणीला सभागृह भरलेलं होतं. पुढं टेबलामागं समितीचे तिघं, मध्ये अध्यक्षा. पिकलेल्या केसांच्या, करारी. बांधकाम खात्याचा अभियंता नीटनेटका आणि बोलायला गोड होता. त्यानं पडद्यावर एकामागून एक चाळीस कागद दाखवले आणि मग नमुनाताईला पुढं बोलावलं.

"हे अक्षर तुमचंच?"

"माझंच."

"प्रत्येक कागदावर 'कोरडी' लिहिलंय. तुम्हीच लिहिलंय."

"हो. आणि खरं लिहिलंय."

"मग प्रश्नच मिटला," अभियंता हसून समितीकडं वळला. "जिच्यात पाणी नाही तिला नदी म्हणायचं तरी कसं?"

एवढ्या लोकांपुढं नमुनाताई कधी बोलली नव्हती. पण त्या हसण्यानं तिची भीती कुठल्या कुठं पळाली.

"साहेब, तुमचं घर आहे ना?" तिनं विचारलं. "सकाळी सगळे कामाला गेले, कुलूप लागलं, की ते घर राहत नाही का? कुणी आलं आणि म्हणालं, आत माणूस नाही, सिमेंट ओता, तर चालेल?"

सभागृहात हशा पिकला. तिनं पिशवीतून दोन बरण्या काढून अध्यक्षांपुढं ठेवल्या. "ही कोरड्या नदीची माती. भिजवून तीन आठवडे झाले. आणि ही बांधकामाची वाळू, तीही तेव्हाच भिजवलेली. बघा."

अध्यक्षांनी चष्मा कपाळावर चढवला, मॅडमनी दिलेलं भिंग हातात घेतलं आणि बरणीवर वाकल्या. एकदम त्यांचा करारीपणा गळून पडला. "अगं बाई! हे तर उताणं पोहतंय!" मग बाकीचे दोघंही वाकले. मागच्या रांगेतले लोक उठून उभे राहिले. अभियंताही मान लांब करून बघू लागला.

मग मॅडम बोलल्या, कागद न बघता. नऊ नंबरच्या खाली दोन कोसांवर ही नदी मोठ्या नदीला मिळते, ते दहा नंबरचं ठिकाण. दरवर्षी नऊ नंबरला पाणी सुटलं की चारच दिवसांत दहा नंबरच्या नमुन्यांत किडे आणि पानांचा बारीक चुरा कित्येक पटींनी वाढतो, कारण चार महिने साठवलेलं अन्न ही नदी एका दमात खाली नेते. मोठ्या नदीतले मासे त्यावरच पोसतात. गेल्या काही वर्षांत बाकीच्या सगळ्या नद्यांत एक परका मासा घुसला आहे, तो बेडकांची पिल्लं फस्त करतो. नऊ नंबरला तो एकही नाही. का? कारण तो कोरडेपणात तग धरत नाही, आणि इथले जीव धरतात. काठावरच्या घरातला एक म्हातारा नळदुरुस्तीवाला न विचारता उभा राहिला. "आणि आमच्या विहिरी? ती तहानलेली वाळू पहिलं पाणी पिते, मग आमच्या विहिरी वर येतात. सिमेंट पाणी पितं होय?"

अध्यक्षांनी नमुनाताईला परत पुढं बोलावलं. "तुम्ही हे इतकी वर्षं कागदावर का नाही लिहिलं?"

"बाईसाहेब, कागदावर रकानाच नव्हता," ती म्हणाली. "पण चूक माझीही आहे. मागच्या बाजूला कोरी जागा होती."

तीन आठवड्यांनी निकाल आला. साहेबांनी तो सगळ्या कचेरीला एकत्र जमवून, उभं राहून वाचला. नदी यादीत राहणार. सिमेंट रद्द, ट्रकांसाठी गोदामांच्या पलीकडची जागा. ज्या आणखी सहा नद्या याच नियमानं यादीतून जाणार होत्या, त्याही राहणार. आणि यापुढं छापल्या जाणाऱ्या प्रत्येक कागदावर एक नवा रकाना असेल : "पात्र कोरडे असल्यास काय दिसले?" तो कसा भरायचा हे बाकीच्या जिल्ह्यांतल्या लोकांना शिकवायला नमुनाताई जाईल. शेवटची ओळ साहेबांनी दोनदा वाचली. त्यांनी कागद सरळ केला, जो आधीच सरळ होता.

"शिकवायला? मी?" नमुनाताई म्हणाली. "मला फळ्यावर सरळ ओळ लिहिता येत नाही."

"फळा कशाला हवा?" मॅडम म्हणाल्या. "टब न्या."

त्याच महिन्यात, आकाश निरभ्र असताना, डोंगरातल्या गावातून दादाला फोन आला. वर पाऊस झालाय, पाणी सुटलंय, दुपारपर्यंत पुलाशी पोचेल. दादानं जीप अशी हाणली की मॅडमनी दोन्ही हातांनी सीट धरली. वाटेत गल्लीच्या तोंडाशी थांबून नमुनाताईनं नवऱ्याला घेतलं, तो एका हातात कुणाचातरी पंखा तसाच घेऊन आला.

पुलावर गर्दी जमली होती. आधी काहीच नव्हतं, फक्त ऊन आणि दगड. मग वरच्या वळणावर पक्षी दिसले, थव्यानं, खाली झेपावणारे आणि परत उठणारे. त्यांच्या मागून एक तपकिरी, फेसाळ रेघ आली. माणूस चालतो तेवढ्याच वेगानं येत होती, पानांचे ढीग पुढं ढकलत, प्रत्येक खड्ड्यापाशी थांबून तो भरत आणि मग पुढं सरकत. तिच्यापुढं किडे, कोळी, भुंगे हजारोंनी पळत होते आणि पक्षी ते टिपत होते. टिटवीची पिल्लं कधीच मोठी होऊन काठावरच्या मैदानात गेली होती. वाळूतून शेकडो बुडबुडे उठत होते, जणू सगळं पात्र एकदम श्वास सोडत होतं.

"हे तू सव्वीस वर्षं एकटी बघत होतीस?" नवऱ्यानं विचारलं.

"एकटी कुठं? दादा होते."

"मी झोपलेलो असायचो," दादा प्रामाणिकपणे म्हणाला.

पाणी पुलाच्या पहिल्या खांबाला लागलं, दोन्हीकडून वळसा घालून परत एक झालं आणि पुलाखालून पलीकडं निघालं. काठावरची पोरं, बायका, गोदामातले हमाल, सगळे त्याच्या बरोबरीनं काठाकाठानं धावू लागले, मोठ्या नदीच्या दिशेनं. नळदुरुस्तीवाला म्हातारा टाळ्या वाजवत होता. नमुनाताईनं कठड्यावर वाकून, दोन्ही हात वर करून, घसा फुटेस्तोवर आरोळी ठोकली, आणि पूलभर उभ्या असलेल्या माणसांनी तिच्या पाठोपाठ.